बाल्सामिकवालं ग्रिल चिकन दर वेळी बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, त्याचं काय करायचं

तक्रार नेहमी एकच असते. रेसिपीत होतं तसं बाल्सामिक व्हिनेगर, ऑलिव्ह ऑइल, लसूण, मध, मीठ, मिरी सगळं कालवलं, चिकन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी ग्रिल पॅन सणसणीत तापवून त्यावर टाकलं आणि तीन मिनिटांत घरभर धूर, वरून कोळसा, कापून बघितलं तर हाडापाशी गुलाबी. पुढच्या वेळी घाबरून गॅस बारीक केला तर चिकनने पाणी सोडलं, त्यातच ते शिजत बसलं, रंग राखाडी आणि चव नुसती आंबट. मग कुणी पॅनला शिव्या घालतं, कुणी चिकनवाल्याला, कुणी म्हणतं बाटलीच डुप्लिकेट. अहो, बाटली बहुतेक वेळा ठीकच असते. बाल्सामिक फक्त फार लवकर घातलं गेलंय. मांस भाजून होत आल्यावर घालायची वस्तू आपण आदल्या रात्री घालतो, आणि पुढची जवळजवळ सगळी भानगड तिथून सुरू होते.

बाटलीत काय असतं ते आधी बघू. इटलीतलं मोडेना आणि शेजारचं रेज्जो एमिलिया हा या व्हिनेगरचा मुलूख. आपल्याकडे सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं ते बहुतेक करून 'मोडेनाचं बाल्सामिक' या नावाचं, ज्याला युरोपियन युनियनने 2009 मध्ये आयजीपी शिक्का, म्हणजे त्या भागाशी बांधलेली संरक्षित भौगोलिक ओळख, दिला ते. म्हणजे वाइनचं व्हिनेगर आणि आटवलेला द्राक्षाचा रस यांचं मिश्रण, लाकडाच्या पिंपात कमीत कमी 60 दिवस ठेवलेलं. नियमाप्रमाणे त्यात आम्लता किमान 6 टक्के आणि साखर लिटरला किमान 110 ग्रॅम असावी लागते. किमान हां, म्हणजे पातळातलं पातळ बाल्सामिक घेतलं तरी 100 मिलीत 11 ग्रॅम साखर, आणि दाट गोड बाटल्यांत 40 ग्रॅमच्या वरही जाते. ही साखर द्राक्षाची, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं, ग्लुकोज 160 च्या आसपास, आणि चांगला तापलेला बिडाचा तवा 220-250 अंशांना सहज असतो. त्यात रेसिपीवाले वरून मध घालायला सांगतात, म्हणजे अजून फ्रुक्टोज. काकवी फासून चिकन मोठ्या आचेवर टाकलं तर जे होईल तेच इथे होतं, फक्त बाटलीवर व्हिनेगर लिहिलंय म्हणून आपल्याला ते लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे आपली तंदुरीची सवय. चिकन टिक्का रात्रभर मुरवलेला चांगला लागतो हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तोच नियम आपण इथे लावतो. पण दह्यात आम्ल साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं, इथे सहा. शिवाय दह्याचं मॅरिनेड जाड असतं, ते मांसावर बसून राहतं आणि त्याला आच थोडी झेपते, बाल्सामिक-तेलाचं मिश्रण पातळ, ते ओघळून पॅनवर पडतं आणि तिथे एकटंच जळतं, आणि तो जळका थर परत चिकनला चिकटतो. रात्रभर ठेवलेल्या ब्रेस्टचा वरचा थर हाताला भुसभुशीत लागतो ना, खाताना खडूसारखा, तो या आम्लामुळेच, तिथली प्रथिनं शिजायच्या आधीच आवळून गेलेली असतात. आणि एवढं करून व्हिनेगर आत जातं किती, तर काही मिलिमीटर. खोलवर जातं ते मीठ. त्यामुळे 'जास्त वेळ ठेवलं की चव आतपर्यंत जाते' हे मिठाबद्दल खरं आहे, बाल्सामिकबद्दल नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट, रंग. साधं मीठ-मिरी लावलेलं चिकन भाजताना आपण रंगावरून अंदाज घेतो आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. बाल्सामिक लावलेलं मांस मात्र पॅनवर पडायच्या आधीच तपकिरी असतं, त्यात आयजीपीच्या नियमात रंगासाठी 2 टक्क्यांपर्यंत कॅरमेल घालायला परवानगी आहे, म्हणजे बऱ्याच बाटल्यांत तोही रंग आलाच. दोन मिनिटांत झक्क दिसायला लागतं आणि आपण उलटतो, अजून दोन मिनिटांत काढतो. आत कच्चं राहण्याचं अर्धं कारण हे. म्हणून इथे डोळ्यांवर विसंबू नका, प्रोब थर्मामीटर घ्या, एकदाच खर्च होतो आणि केकपासून मटणापर्यंत सगळ्याला चालतो. अमेरिकन कृषी खात्याचे आकडे सोपे आहेत: चिकन कुठलंही असो 74 अंश, पोर्क आणि मटणाचे अख्खे तुकडे 63 अंश आणि मग तीन मिनिटं तसेच ठेवायचे, चिकन सोडून बाकी कशाचाही खिमा असेल तर 71. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड जागी, लेगपीस असेल तर हाडाला लागून, सुरी घालून बघा. थोडा रस निघून जाईल, जाऊ दे.

मग करायचं कसं? अर्धा किलो बोनलेस थाय घ्या, एक सपाट टीस्पून मीठ चोळा, मिरी, ठेचलेला लसूण हवा तर, थोडंसं तेल, बस. तासभर ठेवा, रात्रभर ठेवलं तरी चालेल कारण आता यात आम्ल नाहीये. पॅनवर टाकायच्या आधी लसणाचे तुकडे झटकून टाका (तेही करपून कडू होतात) आणि चिकन टिश्यूने किंवा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा, ही पायरी लोक हटकून गाळतात आणि मग विचारतात रंग का येत नाही. ओलं मांस पॅनवर पडलं की आधी ते पाणी उकळत बसतं, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, खरपूसपणा यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. शिवाय आम्लात भाजण्याचा रंग मुळातच उशिरा येतो, म्हणजे बारीक गॅसवर राखाडी चिकन होण्याची दोन्ही कारणं त्या ओल्या बाल्सामिक मॅरिनेडमध्येच होती. पॅन मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, तुकड्यांमध्ये जागा सोडा, सगळं एकदम कोंबू नका, दोन घाण्यात करा. एका बाजूने पाच-सहा मिनिटं हलवू नका. उलटा. दुसऱ्या बाजूने चार-पाच मिनिटं झाली, आत साधारण 68-70 अंश आले की गॅस बारीक करा आणि आता, पहिल्यांदाच, बाल्सामिक. ब्रशने पातळ थर, अर्ध्या-एक मिनिटाने उलटून दुसऱ्या बाजूला, परत एकदा उलटून थोडं, आणि 74 झाले की खाली. एवढ्या वेळात साखर चकचकीत होते, चिकटते, जळत नाही. खाली उतरवून पाच मिनिटं ठेवा आणि मग वरून अजून एक चमचा कच्चं बाल्सामिक शिंपडा, कारण गरम केल्यावर त्याचा वास थोडा उडालेला असतो.

ब्रेस्ट असेल तर आधी प्लास्टिकच्या दोन थरांत ठेवून लाटण्याने ठोकून एकसारखं दीड सेंटिमीटर जाड करा. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असं ब्रेस्ट कुठल्याच आचेवर नीट होणार नाही, त्याचा बाल्सामिकशी संबंध नाही, पण दोष मात्र त्यालाच मिळतो.

ब्रशने लावायचं ते थेट बाटलीतलं नको, पातळ बाल्सामिक ओघळतं. आटवून त्याचं ग्लेझ, म्हणजे दाट चकचकीत पाक, करून घ्या. 120 मिली साधं स्वस्तातलं बाल्सामिक छोट्या स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियमच्या नको कारण आम्लाने धातूचा वास लागतो, ठेचलेली एक लसूण पाकळी घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. एक्झॉस्ट लावा आणि पातेल्यात डोकावून वास घेऊ नका, ठसका लागेल, डोळे चुरचुरतील. सुरुवातीला लाकडी चमचा उभा बुडवून पातळी कुठे येते ते बघून ठेवा, ती एक तृतीयांशावर आली की बंद. पातेल्यात बघून अजून पातळच वाटेल, पण गार झाल्यावर दाट होतं, आणि इथेच लोक फसतात, 'अजून थोडं' करत आटवत राहतात आणि गार झाल्यावर चमचा उभा राहतो. नुसतं घट्ट झालं असेल तर चमचाभर गरम पाणी घालून परत मंद गॅसवर हलवा, सुटतं. पण करपट वास येत असेल तर फेकून द्या, मध घालून, साखर घालून, बटर घालून कशानेही तो कडवटपणा जात नाही. 'बाल्सामिक ग्लेझ' म्हणून पिळायच्या बाटलीत जे तयार मिळतं त्यात बऱ्याचदा स्टार्च किंवा गोंद घालून दाटपणा आणलेला असतो, ते ताटात वरून घालायला ठीक, पण तव्यावर नको, पटकन करपतं.

कुठली बाटली घ्यायची हे विचारणारे खूप. लेबलवर घटकांची यादी वाचा. पहिलं नाव वाइन व्हिनेगरचं असेल तर ते पातळ आणि आंबट, आटवायला आणि रोजच्या वापराला छान. पहिलं नाव द्राक्षाच्या रसाचं असेल तर ते गोड आणि दाट, ते आटवायची गरजच नाही, शेवटी चमचाभर घातलं की झालं. आणि कुणी इटलीहून येताना ती छोटी 100 मिलीची गोल पोटाची बाटली आणली असेल, 'त्रादित्सिओनाले' लिहिलेली, तर कृपा करून ती गॅसजवळ नेऊ नका. त्यात वाइन व्हिनेगर नसतंच, फक्त आटवलेला द्राक्षाचा रस, एकापेक्षा एक लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत कमीत कमी 12 वर्षं मुरवलेला, 'एक्स्ट्रावेक्किओ' असेल तर 25 वर्षं. मोडेनाची ती बाटली जॉर्जेटो जुजारो यांनी डिझाइन केलीय, हो, तेच गाड्या डिझाइन करणारे. मोडेनातली मंडळी हे थेंब-थेंब वापरतात, पार्मेजान चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर, आणि मांसावर घातलं तर भाजून, कापून, ताटात आल्यावर. इटलीत 'ताल्याता' म्हणून जो प्रकार असतो, बीफचा जाड स्टेक नुसत्या मिठावर भाजायचा, काप करायचे, वर रॉकेट नावाच्या तिखटसर सॅलडच्या भाजीची पानं, पार्मेजानचे पापुद्रे आणि बाल्सामिक, त्यातही क्रम हाच. म्हणजे ज्यांचं व्हिनेगर आहे तेच शेवटी घालतात, आपण कशाला आदल्या रात्रीपासून बुडवून ठेवायचं.

मटणाचं वेगळं आहे. आपल्याकडचं मटण म्हणजे बोकडाचं, परदेशी रेसिपीतलं लॅम्ब म्हणजे कोवळं मेंढीचं कोकरू, त्यामुळे तिकडची 'चार मिनिटं एका बाजूने' ही वेळ आपल्या मांडीच्या तुकड्याला लावली तर चप्पल होते, आणि ते मऊ व्हावं म्हणून लोक अजून व्हिनेगर ओततात, त्याने वरचा थर भुसभुशीत आणि आत तेच चिवट. खाटकाकडून कोवळ्या बोकडाच्या चापा मागा, त्या जमतात. नाहीतर आधी कुकरमध्ये मीठ-आलं-लसूण घालून शिजवून घ्या, कोरडं करा, मग पॅनवर फक्त रंग आणायचा आणि शेवटी ग्लेझ, यात कमीपणा काही नाही. खिम्याचे कबाब करणार असाल तर खिम्यात व्हिनेगर घालूच नका, बांधणी सुटते.

पोर्क मात्र बाल्सामिकला फार छान जातं, चरबी असते ना. दोन सेंटिमीटरचा चॉप, एका बाजूने तीन-चार मिनिटं, मग ग्लेझ. आणि पोर्क-व्हिनेगर म्हटलं की कुणीतरी म्हणणारच की गोव्यात तर मांस व्हिनेगरमध्ये दिवसदिवस ठेवतात, तिथे काही बिघडत नाही. बरोबर आहे, पण तिथलं व्हिनेगर माडाचं, त्यात साखर जवळजवळ उरलेलीच नसते, आणि विंदालू किंवा सोरपोतेल रश्शात शिजतं, कोरड्या तव्यावर भाजलं जात नाही. रश्शात साखर असती तरी ती करपली नसती. घरात माडाचं व्हिनेगर असेल तर खरं सांगू का, आंबटपणासाठी मॅरिनेडमध्ये ते थोडं घाला, आणि बाल्सामिक गोडव्यासाठी शेवटी ठेवा, मला तर ही जोडी नुसत्या बाल्सामिकपेक्षा जास्त आवडते.

ओटीजीवाल्यांनी लेगपीस 200 अंशांवर नुसत्या मीठ-मसाल्याने 35 मिनिटं भाजावेत, मग ग्लेझ लावून वरचा रॉड चालू ठेवून तीन-चार मिनिटं, आणि त्या तीन-चार मिनिटांत फोन घ्यायला जाऊ नका. खालच्या ट्रेमध्ये कपभर पाणी ओतून ठेवा, ठिबकलेलं ग्लेझ जळून धूर होतो तो होणार नाही. एअर फ्रायरमध्येही तेच, जाळीखाली चार चमचे पाणी, 180 अंश, ग्लेझ शेवटची दोन मिनिटं. मॅरिनेट करायला किंवा ग्लेझ लावलेलं मांस गुंडाळून ठेवायला ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, आम्लाने त्याला भोकं पडतात. काचेचं भांडं किंवा स्टीलचा डबा.

कोळशावर करत असाल, गच्चीत सिगडीवर किंवा तिकडे परदेशात बॅकयार्डात, तर निखारे सगळीकडे पसरू नका, एका बाजूला लोटा. कोळशावर पांढरी राख धरली की मांस आधी निखाऱ्यांवर रंग येईपर्यंत, मग रिकाम्या बाजूला झाकण ठेवून शिजू द्या, आणि ग्लेझ फक्त त्या रिकाम्या बाजूला असताना लावा. तेलकट मॅरिनेड थेट निखाऱ्यावर ठिबकलं की भडका उडतो आणि त्याची काजळी चिकनवर बसते, त्या काजळीला लोक 'स्मोकी फ्लेवर' म्हणतात, म्हणोत बापडे. गॅस ग्रिल असेल तर एक बर्नर बंद ठेवायचा, तत्त्व तेच. आणि सोसायटीच्या बाल्कनीत हा उद्योग करणार असाल तर वरच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना ते बघून घ्या.

आता हे सगळं वाचताय पण चिकन कालपासूनच बाल्सामिकमध्ये पडलंय आणि पाहुणे तासाभरात येणार आहेत, असं असेल तर: बाहेर काढा, मॅरिनेड गाळून बाजूला ठेवा, तुकडे टिश्यूने चांगले पुसा, पाण्याखाली धुवायला जाऊ नका. पॅनवर नको, ओटीजीत किंवा एअर फ्रायरमध्ये 180 ला करा, म्हणजे थेट तापलेल्या लोखंडाशी गाठ पडत नाही. बाजूला ठेवलेलं मॅरिनेड वाया घालवायचं नसेल तर खळखळून उकळी येऊ द्या आणि दोन-तीन मिनिटं उकळतच ठेवा, कच्च्या चिकनचं पाणी आहे त्यात, वर जमलेला फेस काढा आणि मग थोडं आटवून सॉस करा. खारट झालं तर थोडं बटर किंवा क्रीम. कच्चं मॅरिनेड शिजलेल्या चिकनवर ब्रशने फिरवू नका, आणि कच्च्याला वापरलेला ब्रशही नको. वरचा थर भुसभुशीत झाला असेल तर तो परत पूर्ववत होत नाही, अशा वेळी काप करून सॅलडमध्ये किंवा रोलमध्ये घाला, कुणाला कळतही नाही.

आणि अगदीच मॅरिनेडमध्ये बाल्सामिक हवंच असेल तर अर्ध्या किलोला एक टेबलस्पून, दोन टेबलस्पून तेल, मध नाही, अर्धा ते एक तास, आणि टाकायच्या आधी पुसून. एवढ्याने वास लागतो.

पॅनला चिकटलेला काळा थर घासत बसू नका. पॅन थोडा निवू द्या, लालबुंद बिडावर गार पाणी ओतलं तर तडकू शकतो, मग कोमट पाणी घालून दोन मिनिटं उकळा आणि लाकडी उलथन्याने खरवडा, साखर आहे ती, विरघळते. पूर्ण कोळसा झालेला भाग मात्र खरवडावाच लागतो. आम्लाने बिडाच्या तव्याचं मुरलेलं तेलाचं आवरण थोडं उतरतं, म्हणून धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर पुढचं घावन चिकटेल. उरलेलं ग्लेझ काचेच्या छोट्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. घट्ट झालं तर बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी करा, परत गॅसवर चढवायची गरज नाही.